सोलापुरात गच्चीवरचं सोलर घरभर वीज देतं, मग दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या नासाच्या व्हॉयेजर यानाला अणुऊर्जा कशाला लागली?

कारण गुरूच्या पलीकडे ऊनच उरत नाही. तिथे अणुऊर्जेला आज तरी पर्याय नाही. मी सोलापुरात सोलर बसवतो, म्हणून हिशेब आपल्याच मापात सांगतो. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की ऊन चौथ्या हिश्श्यावर येतं. गच्चीवर ३ किलोवॅट देणारा संच शनीजवळ नेला तर जेमतेम ३३ वॅट देईल. नेपच्यूनजवळ तीन-साडेतीन वॅट, म्हणजे देवघरातला झिरोचा बल्बही धड पेटायचा नाही!

१९७७ च्या व्हॉयेजरमध्ये अणुभट्टी नाही बरं का. प्लुटोनियम-२३८ आपोआप क्षय पावताना तापतं आणि त्या उष्णतेपासून थेट वीज बनते. फिरणारा एकही भाग नाही. सुरुवातीला ४७० वॅटच्या आसपास वीज मिळायची. ती दरवर्षी थोडी घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करत यान चालवतात.

मात्र गुरूपर्यंत सोलर चालतं. २०१६ मध्ये तिथे पोचलेलं नासाचं जुनो यान सौर पॅनेलवरच आहे. फक्त पृथ्वीजवळ १४ किलोवॅट देऊ शकणारी त्याची अवाढव्य पॅनेल तिथे ५०० वॅटच्या आसपास देतात.