सुरळीत चाललेलं कॉन्ट्रॅक्ट सोडावं का?

प्रश्न: मी ३७ वर्षांचा, मूळचा यावल तालुक्यातला. एप्रिल २०२१ पासून जळगावात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम कॉन्ट्रॅक्टवर करतो. महिन्याला १,६५,००० रुपये मिळतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत राहावी, जीएसटीची कटकट मागे लागू नये, म्हणून मीच कधी दर वाढवून मागितला नाही. काम सवयीचं आहे, माणसं चांगली आहेत. दर १ एप्रिलला करार पुढे चालू होतो. दोघांपैकी कुणीही ३० दिवसांची नोटीस देऊन तो संपवू शकतो. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, तिच्या हातात ५२,००० येतात. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ७५,०००. बँकेत ९ लाखांची एफडी आहे. आता दोन प्रस्ताव आलेत: पुण्यात कायम नोकरी, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २४ लाख, त्यातले १० टक्के कामगिरीवर, किंवा बंगळुरूच्या कंपनीचं सहा महिन्यांचं काम, महिना २,४०,०००. शिवाय एफडीतले ५ लाख आप्पांना टिश्यू कल्चर केळीसाठी द्यायचं मनात आहे. इतकं सुखाचं काम सोडणं वेडेपणा ठरेल का?

उत्तर: पुण्याची नोकरी घेऊ नका. बंगळुरूचं काम आत्ता घेऊ नका. पण आहे त्या दरावर आणखी एक वर्ष काढणंही तुम्हाला परवडणारं नाही, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा विषय तोच आहे.

आधी आकडे बघू. २४ लाख हा आकडा तुमच्या आजच्या वर्षाच्या १९ लाख ८० हजारांपेक्षा मोठा दिसतो, पण दोन्हींवरचा कर सारखा नाही. माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्याने तुम्हाला प्राप्तिकरात अनुमानित उत्पन्नाची सवलत मिळते: जमा रकमेच्या ५० टक्के, म्हणजे ९ लाख ९० हजार, एवढंच उत्पन्न धरलं जातं. त्यात एफडीचं साठेक हजार व्याज मिळवा. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे तुमचा कर शून्य, आणि कंपनीने कापलेला १० टक्के टीडीएस परताव्यात परत.

पुण्याच्या सीटीसीतून आधी कामगिरीवरचे २ लाख ४० हजार बाजूला काढा, ते मिळाले तर मिळाले. मूळ पगार महिना ८०,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा जाऊन साधारण २० लाख उरतात. त्यावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊनही कर १ लाख ९२ हजारांच्या घरात जातो, आणि तुमच्या वाट्याचा पीएफ वेगळा कापला जातो. हातात पडतात महिना १ लाख ४१ हजारांच्या आसपास. पीएफ ही तुमचीच बचत आहे, हे मान्य. तरीही दोन्ही वाटे धरून बेरीज जेमतेम आजच्या कमाईजवळ येते, आणि पुण्याचं घरभाडं अजून मोजलेलंच नाही. पत्नीची आंतरजिल्हा बदली कधी होईल हे कुणी सांगू शकत नाही. तोवर दोन ठिकाणी दोन चुली, आणि दर शनिवारी जळगावची गाडी.

बंगळुरूचं गणित जरा बरं आहे. एका आर्थिक वर्षात सहा महिने जुना दर आणि सहा महिने नवा धरला, तर जमा ४ लाख ५० हजारांनी वाढते. मात्र करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर जातं आणि सुमारे ७४ हजार कर बसतो. उरले पावणेचार लाख, म्हणजे आजच्या दराने सव्वादोन महिन्यांची कमाई. सहा महिन्यांनंतर नवं काम मिळायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर फायदा पुसला गेला. शिवाय जुनं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा हातात नसेल.

मग आहे तिथेच राहायचं? राहा, पण डोळे उघडे ठेवून. तुमच्याकडे जे आहे ते पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणून धरू नका. ते तीस दिवसांचं आहे आणि आजवर पुढे पुढे ढकललं गेलंय, इतकंच. माणसं चांगली आहेत, यावर माझा विश्वास आहे. पण खर्च कापायचा हुकूम त्या चांगल्या माणसांच्या वरून येतो. घड कापणीला आल्यावर एकाच व्यापाऱ्याच्या गाडीची वाट बघणारा शेतकरी भावाबद्दल तोंड उघडत नाही, हे आप्पांनी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमचं चार वर्षांपासून तेच चाललंय. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर चार वर्षांनंतरचे १,६५,००० म्हणजे २०२१ सालचे जेमतेम १,३६,०००. तुम्ही दरवर्षी स्वतःचा दर कमी करत आलात, आणि कंपनीने तसं मागितलंही नव्हतं.

हे सगळं जीएसटीच्या धाकाने. जळगावात मी असे बरेच जण बघतो: डिझायनर, वास्तुविशारद, सल्लागार, सगळे १९ लाखांच्या आसपास येऊन थांबलेले. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे हे खरं. पण नोंदणी केल्यावर लागणारा १८ टक्के कर तुम्ही बिलावर वेगळा लावता, आणि पुण्याची कंपनी स्वतः नोंदणीकृत असेल तर एरवी तिला त्याची वजावट मिळते. दोन लाखांचं बिल २ लाख ३६ हजारांचं होईल. वरचे ३६ हजार तुम्ही सरकारात भरायचे. तुमचा खर्च म्हणजे विवरणपत्रं भरणाऱ्या करसल्लागाराची फी, आणि व्यवसायासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर दिलेला जीएसटी उलट तुम्हालाच वळता करता येतो. आणखी एक: एफडीचं व्याज ही जीएसटीतून माफ सेवा म्हणून उलाढालीत धरण्याचे अग्रिम निर्णय (करदात्याने आधीच विचारून घेतलेले जीएसटी प्राधिकरणाचे निर्णय) झालेले आहेत. १९ लाख ८० हजारांत ते ६० हजार मिळवून बघा. एवढ्या काठावर उभं राहण्यात सुरक्षितता नाही. या आठवड्यात करसल्लागाराला भेटाच.

नोंदणी झाली की जानेवारीत कंपनीकडे दर मागा: २ लाख अधिक जीएसटी, १ एप्रिलपासून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागू नका, तेव्हा त्यांचं बजेट ठरून गेलेलं असतं. दोन लाखांच्या दराने साधारण ६२ हजार कर बसेल; तो भरूनही वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त हातात राहतात. सोबत नोटिशीची मुदत ३० वरून ९० दिवसांवर न्यायला सांगा. दरात थोडं मागेपुढे झालं तरी या ९० दिवसांवर अडून बसा. दोन्हींना नकार आला, तर मात्र नवं काम शोधायला लागा, आणि तेव्हा बंगळुरूसारखं सहा महिन्यांचं काम घ्यायला माझी हरकत नसेल.

नकाराची भीती तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. उद्या काम बंद झालं तरी ९ लाखांत घर बारा महिने चालतं. पत्नीचा पगार धरला तर महिन्याला तूट फक्त २३ हजारांची. दर मागायला यापेक्षा भक्कम पाया फार थोड्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडे असतो.

म्हणूनच ते ५ लाख आत्ता केळीत घालू नका. वादळी वारा, सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूजन्य रोग, मे महिन्याचं ऊन, हे सगळं आप्पांच्या हिशेबात आहेच. पण ज्या हंगामात तुमची कमाई डगमगू शकते, त्याच हंगामात तुमचा राखीव पैसाही बागेत अडकायला नको. लागवडीला पीककर्ज घ्या. वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. उरलेली गरज एप्रिलनंतर बघू.

विम्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्याला कंपनीचा ग्रुप विमा सहसा नसतो. दीड कोटींचा टर्म विमा आणि कुटुंबासाठी १० लाखांचा आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या; २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक विम्यावर जीएसटी नाही. आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, तेव्हा हे काम दर मागण्याआधी उरकून घ्या.