घरी टोचलेलं इंजेक्शन आणि न केलेला फोन

"ऑनलाइन मिळतं, इतक्या जणी वापरतात, व्हिडिओ बघून घरीच टोचलं तर बिघडलं कुठे?" हा प्रश्न हल्ली माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सारखा येतो. कुणाला ओठ भरलेले हवे असतात, कुणाला कपाळावरच्या आठ्या नको असतात, कुणाला हनुवटीखालची चरबी विरघळवायची असते. मुलगेही येतात, जबडा रेखीव दिसावा म्हणून. आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील, नवरे, बहिणी येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "हिला थांबवायचं कसं?" दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, बऱ्याच भेटींमधलं बोलणं आटवून थोडक्यात मांडलं आहे. तिला मेघना म्हणू.

मेघनाला तिच्या आईने आणलं ते भलत्याच संशयाने. कपाटात कपड्यांच्या घडीखाली सिरिंज सापडल्या होत्या आणि मुलगी नशेच्या नादी लागली, असं आई धरून चालली होती. आई बाहेर गेल्यावर मेघनाने मास्क काढला. वरच्या ओठात डावीकडे एक छोटी, टणक गाठ होती. बोलताना तिची जीभ पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

"ही माझी नशा," ती म्हणाली.

मग न विचारताच सगळं सांगितलं. भुवयांच्या पेन्सिलीने ओठाभोवती ठिपके काढले. मोबाइल आरशाला टेकवून व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या बाईकडे बघायचं आणि आरशात बघून आपला हात हलवायचा, या गडबडीत डावं-उजवं उलटं झालं. एका जागी जरा जास्तच गेलं. अंगठ्याने दाबून पसरवायचा प्रयत्न केला, ते पसरलं नाही. बाटलीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती. बॅच नंबर नव्हता, मुदतीची तारीखही नव्हती. आणि एवढं होऊनही पुढचा बेत ठरलेला होता: नाक. त्याचं पार्सल येऊन पडलं होतं.

अशा वेळी घरचे घाबरवतात. आंधळी होशील, चेहरा सडेल, जन्माचं वाटोळं होईल. मी भीती घालत नाही, कारण समोरच्याने ती आधीच वाचून, पचवून बाजूला ठेवलेली असते. मेघनाचा अभ्यास तर चांगलाच होता. फिलर, म्हणजे ओठ-नाक भरायला टोचतात ते द्रव्य, रक्तवाहिनीत गेलं तर काय होतं, जंतुसंसर्ग झाला तर काय होतं, सगळं तिला पाठ. "पण मॅडम, असं लाखात एखादीलाच होतं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने काम करते. माणूस माहितीवर चालत नाही, माहितीच्या मागे त्याने जी पक्की समजूत धरून ठेवलेली असते तिच्यावर चालतो, हे त्यांच्याकडून शिकले. म्हणून धोक्यांवर वाद न घालता मी तिला एक प्रसंग दिला.

"समज, रात्री उशिरा नाकात टोचलंस. थोड्या वेळात शेंड्याची कातडी पांढरी पडली, ठणका लागला. फोन कुणाला करशील?"

"थोडी वाट बघेन. सकाळपर्यंत बरं होईल."

"आणि वाढलंच तर?"

"आमच्या ग्रुपवर फोटो टाकेन."

"त्यातली कुणी तुला दवाखान्यात घेऊन जाईल?"

"नाही. मी कुणाला ओळखतच नाही तिथे."

"आईला उठवशील?"

"छे! तिला कळलं तर..."

"मग डॉक्टर?"

"त्यांना काय सांगू? की मीच माझ्या हाताने..."

पुढचे शब्द आले नाहीत. ती बराच वेळ हातातल्या मास्कच्या नाड्या ओढत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी कुणालाच फोन करणार नाही."

माझ्या अनुभवात इथे घाई करायची नसते. समुपदेशकाला या क्षणी समजावण्याचा मोह अनावर होतो, आणि नेमकं तेव्हाच तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. ते मला जमतं, असं मी आता म्हणू शकते. तिने स्वतःहून विचारलं, "वाट बघितली तर खरंच काय होतं?"

मग सांगितलं. फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर पुढच्या भागाचं रक्त अडतं. कातडी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर डाग उमटतात आणि रक्त सुरू झालं नाही तर तो भाग मरतो. कातडीसाठी तासांचा हिशेब असतो. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथून दृष्टी जाऊ शकते, आणि डोळ्याच्या पडद्यासाठी हिशेब मिनिटांचा असतो. शिकलेल्या डॉक्टरच्या हातूनही हे घडू शकतं. पण त्याला ते लगेच ओळखता येतं आणि हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज त्याच्या हाताशी असतं. बाटलीत सिलिकॉन किंवा आणखी काही निघालं, तर ते औषधही कामाचं नाही.

तिच्या "लाखात एखादी"मधली गोम मग तिलाच सापडली. तो आकडा खरा धरला, तरी तो प्रशिक्षित हात, माहीत असलेलं औषध आणि शेजारी तयार असलेला उपाय यांच्या भरवशावरचा होता. तिच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. मला स्वतःला यातून एक गोष्ट लख्ख कळली, आणि तेव्हापासून मी अशा प्रत्येक माणसाला फोनचा प्रश्न विचारते. घरी टोचण्यामागे पैसे वाचवणं हे कारण पुढे केलं जातं. खोदून बघितलं की खाली लाज निघते. दवाखान्यात कुणीतरी विचारणार, "हे कशाला हवंय तुम्हाला?" कदाचित म्हणणार, "याची गरज नाही." तो माणूस टाळायचा म्हणून आरशासमोर एकटीने बसायचं. आणि ती लाजच पुढे मदत मागण्याचे तास खाते.

एलिस लाजेवर नुसत्या चर्चेत वेळ घालवत नसत, लाज वाटेल ती गोष्ट करून बघायला सांगत. मीही मेघनाला एवढंच काम दिलं: एका माणसाला खरं सांगायचं. तिने आईला सांगितलं. पुढच्या वेळी दोघी एकत्र आल्या. "अगं, ओठ फुगवायचे होते तर बोलायचं होतंस," आई म्हणाली, "मी देव पाण्यात घालून बसले होते." दोघी हसल्या. नंतर आई थोडी रडली.

नाकाचं वेड मात्र एवढ्यावर उतरलं नाही. ते नाक तिला सेल्फीत दिसायचं. चेहऱ्यापासून फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा साधारण ३० टक्के जास्त रुंद दिसतो, हे २०१८ साली संशोधकांनी गणिताने मांडलं आहे. पाच फुटांवरून तो फरक जवळजवळ उरत नाही. मी तिचे दोन्ही अंतरांवरून फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. ती लगेच म्हणाली, "पण लोक मला जवळूनच बघतात ना?"

"फुटभरावरून कोण बघतं तुला?"

"...मीच."

मेघनाला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, न उघडलेलं पार्सल आणि जुनी बाटली घेऊन. त्यांनी ओठातली गाठ तपासून उपचार सुरू केले आणि नाकाला हात लावायला नकार दिला. तिला राग आला, पण ती त्यांच्याकडे जात राहिली. नाक तिला आजही आवडत नाही. ते आवडलंच पाहिजे, हा हट्ट तेवढा सुटला आहे. माझ्या लेखी हे यश मोठं आहे.

आता वारंवार येणाऱ्या शंकांबद्दल. "माझं तर सुई नसलेलं पेन आहे," असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. ते पेन दाबाच्या जोरावर द्रव कातडीत घुसवतं. किती खोल आणि कुठे, यावर ताबा राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२१ मध्येच फिलरसाठी अशी साधनं वापरू नका, असा इशारा दिला आहे. आठ्यांसाठीचं बोट्युलिनम टॉक्सिन म्हणजे मुळात विष, अत्यंत थोड्या मात्रेत औषध म्हणून वापरलेलं. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतकं नसतं, त्यामुळे व्हिडिओतलं माप तुमच्या बाटलीला लागू पडेलच असं नाही. एप्रिल २०२४ पर्यंतच्या नोंदींनुसार अमेरिकेत बनावट किंवा नीट न हाताळलेल्या अशा इंजेक्शनांनंतर ११ राज्यांतल्या २२ महिलांना त्रास झाला, त्यातल्या निम्म्या रुग्णालयात गेल्या. चरबी विरघळवणाऱ्या बाटल्या चुकीच्या थरात गेल्या, तर कातडीवर कायमचे व्रण आणि खड्डे राहू शकतात. गाठी, पू, लाली हे तर कधीकधी काही आठवड्यांनी उगवतं, तोवर आपण इंजेक्शन विसरलेलो असतो.

घरच्यांनी झडती घेऊ नये, बाटल्या गुपचूप फेकूही नयेत. दुसरं पार्सल येतं, तेही जास्त लपवून. "काही झालं तर मला उठव, मी आधी दवाखान्यात नेईन, रागावायचं ते नंतर," एवढं वाक्य शांत वेळी बोलून ठेवा आणि पाळा. रोज तासन्‌तास आरशासमोर जात असतील, एका अवयवापायी कामावर किंवा कॉलेजला जाणं बंद झालं असेल, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातली बारीकशी किंवा नसलेली उणीव मनात ठाण मांडून बसण्याचा आजार, असू शकतो. शंभरात साधारण दोघांना तो असतो. त्यात इंजेक्शनाने समाधान मिळत नाही, खटकणारी जागा फक्त बदलते. तिथे मनोविकारतज्ज्ञ लागतात आणि उपचारांचा चांगला उपयोग होतो.

ज्यांनी आधीच टोचून घेतलं आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. कातडी पांढरी किंवा जाळीदार निळी पडली, असह्य दुखलं, नजर अंधुक झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, पापणी लोंबली, गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. टॉक्सिनची लक्षणं काही दिवसांनीही सुरू होतात. बर्फ लावून वाट बघू नका, विरघळवणारं औषध ऑनलाइन मागवून घरी टोचू नका. बाटली, खोका, सिरिंज सोबत न्या. आणि काय, कुठे, कधी टोचलं ते डॉक्टरांना सरळ सांगा, त्यावरच त्यांचे पुढचे उपचार ठरतात.