टायर मोठे केले, आता ट्रेलर ओढताना दम लागतो

प्रश्न : माझा फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे, ॲक्सलचा रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं तो आकडा) ३.७३. आधी ३१ इंची टायर होते, आता ३५ इंची टाकलेत. मागे बहुतेक वेळा तीनेक टनाचा ट्रेलर असतो, आणि टायर बदलल्यापासून गाडी चढाला सहाव्या गिअरमध्ये टिकतच नाही, सारखी गिअर वरखाली करते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपण तापतो. मेकॅनिक म्हणतो फक्त मागच्या ॲक्सलला ४.८८ रेशोचे गिअर टाक. टाकू का?

उत्तर : फक्त मागे अजिबात टाकू नका. फोर व्हील घातलं की ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते, मग रेशो वेगळे असले तर पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा, चिखलात टायर घसरून निभावतं पण कोरड्या रस्त्यावर सगळा ताण शाफ्ट, चेन आणि गिअरवर येतो आणि काहीतरी तुटतंच. दोन्ही ॲक्सल एकदमच बदलायचे, खर्च दुप्पट झाला तरी. ४.१० आणि ४.११ इतका बारीक फरक चालतो, त्यापुढे नाही.

आता आकडा. रेशो म्हणजे क्राउनचे (ॲक्सलमधला मोठा गिअर) दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणारा छोटा गिअर) दात, रेशो जितका मोठा तितकी ओढ जास्त. ४१ ला ११ ने भागा, ३.७३ येतं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधी हे दात स्वतः मोजून घ्या, आधीच्या मालकाने काय बदललंय कुणी सांगावं. मोठ्या टायरमुळे तुमचा ३.७३ आता ३.३० सारखा वागतोय, म्हणून गाडीला दम लागतो. जुनी ओढ परत हवी तर ४.२१ लागेल, म्हणजे बाजारात मिळणारा ४.१० किंवा ४.३०. पण तुम्ही सतत ट्रेलर ओढता, म्हणून मी ४.५६ घेईन, त्याच गिअरमध्ये चाकाला आत्तापेक्षा साधारण २२ टक्के जास्त जोर मिळतो, आणि गिअरबॉक्सच्या सहाव्या गिअरचा स्वतःचा रेशो ०.७० धरला तर १०० च्या स्पीडला इंजिन मिनिटाला १५५० फेऱ्यांच्या जागी १९०० च्या आसपास फिरेल, जे अजिबात जास्त नाही. ४.८८ ला साधारण २०४०, पण पिनियन आणखी बारीक होतो आणि ओढायच्या गाडीत मला ते आवडत नाही. ऑर्डर देण्याआधी एक विचारा, तुमच्या डिफरन्शिअलचा (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) कॅरिअर, म्हणजे ज्यावर क्राउन बसतो तो सांगाडा, या रेशोला चालतो का, काही ॲक्सलमध्ये ठराविक रेशोच्या पुढे कॅरिअरही बदलावा लागतो.

बसवणारा माणूस मात्र नीट बघून निवडा. पिनियनची खोली (तो क्राउनच्या किती जवळ बसतो), बेअरिंगचा प्रीलोड (ते किती घट्ट दाबलंय), बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दातांमधली मोकळीक), आणि दातांवर रंग लावून खूण कुठे पडते ते बघणं, यातलं काही चुकलं तर गिअर घूं घूं करतात आणि लवकर खराब होतात. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन टायर आणि रेशो दोन्ही भरून घ्या, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल आणि शिफ्टिंगही बिघडेल.

आणि ओढ वाढली म्हणून ट्रेलरचं वजन वाढवू नका, ब्रेक आणि चासी तेच आहेत.

प्रश्न : गिअर बसवल्यावर लगेच ट्रेलर लावला तर चालेल?

उत्तर : नाही. पहिल्यांदा १५-२० मिनिटं हळू चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, कारण नवीन दात एकमेकांवर घासून बसताना खूप तापतात. ट्रेलर ८०० किलोमीटरनंतर, तोही आधी हलका आणि जवळच्या फेरीला, आणि त्याआधी दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल बदलून टाका, त्यात बारीक लोखंडी कीस उतरलेला असतो.