मर्यादवेलीच्या क्रॉसला फळच धरत नाही? आधी वेली मोजा

मर्यादवेल (किनाऱ्यावरच्या वाळूत सरपटणारी वेल) क्रॉस करताय, म्हणजे एकीचे पराग दुसरीच्या फुलावर टाकताय, तरी फळ धरत नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझा एमएस्सीचा सगळा सीझन डोळ्यासमोर आला. माझंही तेच, 40 फुलांवर हाताने परागीकरण, फळ शून्य, आणि गाइड म्हणतात हात नीट बसला नाही. सेम टू सेम.

कळीतले पुंकेसर काढणं, पिशवी बांधणं वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडतो. मला एवढंच सांगा, पराग आणले कुठून? मी मालवणजवळ देवबागला काम करायचो आणि पाच-सात मीटरवरच्या फुलातून पराग आणून खुशाल 'क्रॉस' असं लेबल लावायचो. फळ नाही म्हटल्यावर दोन महिने परागच मेलेत का बघत स्टेनिंग करत (परागांना रंग देऊन तपासत) बसलो, पराग ठणठणीत! शेवटी रापणीवरचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावरचे) एक काका मला रोज बघून वैतागले आणि म्हणाले, "अरे, ह्या सगळा एकच आसा मां!" वाळू उकरली तर खरंच, खोड खालून सलग. पेऱ्यापेऱ्याला मुळं धरत ही वेल कितीही लांब सरपटते आणि मधला भाग वाळूखाली जातो. माझी '12 झाडं' म्हणजे फार तर तीन वेली निघाल्या. आणि मर्यादवेल सेल्फ-इनकम्पॅटिबल, म्हणजे स्वतःचे पराग तिला चालतच नाहीत. मेक्सिकोच्या आखातातल्या वेलींवरचा 1989 चा पेपर हेच सांगतो, मी तो वाचला सीझन संपल्यावर, काय बोलायचं.

माझं मत (मी काही तज्ज्ञ नाही, गाइडना विचारूनच करा): पराग खाडीपलीकडच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून आणा. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं, त्यामुळे एसटीच्या भरवशावर राहू नका, बाइक लागतेच. त्याच वेलीचे पराग मुद्दाम टाकून वेगळा सेटही ठेवा, नाहीतर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) फळ न धरण्याचं कारण दाखवता येत नाही. आणि हो, देठाशी मधाच्या ग्रंथी असतात म्हणून मुंग्या येणारच, त्यांना मारत बसू नका, त्या वेलीच्याच बाजूच्या आहेत असं माझं ठाम म्हणणं आहे.

हर्बेरियम शीट (वेलीचा वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) आत्ताच करून त्याचा नोंदणी नंबर घेऊन ठेवा, आमच्याकडच्या एका ऑफिसने साध्या नंबरसाठी चार महिने हेलपाटे घालायला लावले, कधी साहेब नाहीत, कधी रजिस्टर नाही. असो.

फळ धरलंच तर बोंडात चारेक केसाळ बिया मिळतील. तशाच पेरल्यात तर महिनोन् महिने ढिम्म बसतील, समुद्रात तरंगायला बनलेलं कवच आहे ते. एका बाजूला पॉलिश पेपरने पांढरं दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा, फुगली ती उगवणार.