कमी बजेटमध्ये चालवायला मजा येणारी आणि भरवशाची जुनी गाडी कोणती घ्यावी?
मजा हवी म्हणून हॉर्सपॉवरच्या मागे लागू नका, वजन बघा. हलकी गाडी वळणावर हाताच्या इशाऱ्यावर वळते, आणि तिचे टायर, ब्रेकही स्वस्तात भागतात. दोनच सीट चालणार असतील तर माझ्दा एमएक्स-५ पाहा. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीचं वजन जेमतेम टनभर, इंजिन साधं, ताकद मागच्या चाकांना. फक्त दारांखालचा पत्रा गंजलाय का ते वाकून तपासा. घरच्यांनाही न्यायचं असेल तर १.६ लिटरची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, मॅन्युअल गिअरवाली. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) नाही, त्यामुळे बिघडायला एक गोष्ट कमी.

जुनी झालेली महागडी जर्मन गाडी स्वस्तात मिळते, मोह होतो. टाळा. गाडीची किंमत उतरते, स्पेअर पार्टची नाही.

मॉडेलपेक्षाही ती नेमकी गाडी कशी राखली आहे हे जास्त महत्त्वाचं. बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच ठेवायला सांगा, कारण गरम इंजिन बरेच दोष लपवतं. सुरू करताना निळा धूर आला तर ते ऑइल जाळतंय. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा इंजिनातला पट्टा) असेल तर शेवटचा कधी बदलला याची पावती मागा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावंच लागतं. क्लचचं पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी ओढायला लागत असेल तर क्लच झिजलेला असू शकतो, तो बदलायचा खर्च भावात धरा. आणि सगळे पैसे गाडीत घालू नका, पहिल्या सर्व्हिससाठी आणि चांगल्या टायरसाठी थोडे बाजूला ठेवाच.