कूलरच्या टाकीतलं पाणी

सदर, नागपूर
सप्टेंबर अखेर

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

मिहानमधली नोकरी पक्की झाली, तरुण संघाच्या उपासनेची जबाबदारी आली, आणि शिबिरात तुझ्या गाण्यानं लोकांचे डोळे भरून आले. सगळं एकाच महिन्यात. देवाची स्तुती असो! पण यशाच्या पाठोपाठच सैतानाची परीक्षा येते, म्हणून आता पुढचे तीन-चार आठवडे जपून राहा. आनंदावर विरजण घालायला हे लिहीत नाही. घाव कुठून येतो ते ठाऊक असलं की माणूस उगाच घाबरत नाही, एवढंच.

मत्तय 3 आणि 4 सलग वाच, मधला अध्यायाचा आकडा नाहीच असं समजून. बाप्तिस्मा घेऊन येशू यार्देन नदीतून वर येताच आकाशातून वाणी झाली, ‘हा माझा पुत्र.’ चाळीस दिवसांनी भुकेल्या येशूपुढे सैतानाचं पहिलंच वाक्य, ‘तू देवाचा पुत्र असलास तर.’ बापानं जे दिलं, सैतानानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तुझ्या बाबतीत ते गाणं असेल. एक दिवस वाटेल, हे दान कसलं, नुसता गळा बरा आहे. दुसऱ्या दिवशी वाटेल, मी नसले की उपासना रंगतच नाही. दोन्ही विचार एकाच घरचे.

येशूची तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकातली आहेत: 8:3, 6:16 आणि 6:13. गंमत बघ, हे अध्याय भरल्या पोटाच्या माणसाला बजावतात. आपण न खणलेल्या विहिरींचं पाणी पिताना, चांगल्या घरात राहताना परमेश्वराला विसरू नको, असं त्यात आहे. सहावा आणि आठवा अध्याय मिळून 45 वचनं होतात. रोज तीन, मोठ्यानं वाच. पंधरा दिवसांत संपतील. छापील पवित्र शास्त्रातूनच वाच. फोन उघडलास की शिबिराच्या व्हिडिओला किती लाइक आले तेच आधी बघशील.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. कर्मेलावर अग्नी पडला, पाऊस आला, आणि मग ईजबेल राणीचा जिवे मारण्याच्या धमकीचा एक निरोप येताच तो पळत सुटला. ईज्रेलपासून बैर-शेबा म्हणजे जवळजवळ नागपूर ते अमरावती. त्यावर अरण्यात आणखी एक दिवसाची चाल. रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून आडवा झाला. देवानं तिथं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पाणी. ‘इथं काय करतोस?’ हा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून मोठ्या कार्यक्रमानंतरच्या संध्याकाळी मीटिंग ठेवू नको. पोटभर जेव, आठ तास झोप. शिबिराहून आल्यावर घरात आईशी जी वादावादी होते, तिच्यात सैतानापेक्षा जागरणाचा वाटा मोठा असतो. सगळं त्याच्या नावावर खपवायची आपल्या लोकांना सवयच आहे. ताप आला, सांधे दुखले तर रक्त तपासून घे, प्रार्थनाही कर. दोन आठवडे झोप नाही, मन काळवंडलेलं, असं झालं तर डॉक्टरकडे जायला लाजू नको.

तुमचा कूलर अजून खिडकीतच आहे ना? उन्हाळाभर ज्या पाण्यानं घर गार केलं, तेच टाकीत पडून राहिलं की आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. पाणी वरून स्वच्छ दिसतं, आणि डेंग्यूच्या डासाला तसलंच लागतं. नुसतं ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी घासून काढावी लागतात, दर आठवड्याला. मनाचंही तसंच. शनिवारी रात्री अर्धा तास वही घेऊन बस. या आठवड्यात कुणाचं कौतुक मी परत परत आठवलं? फोनमधलं, पैशातलं काय लपवलं? कुणावरचा राग रात्री तसाच उशाशी घेऊन झोपले? नावानिशी लिही, गोलगोल नको. आणि एका बाईला वाचून दाखव. एकीलाच, तुझ्याहून मोठी, पोटात ठेवणारी आणि तुझं गाणं ऐकून भारावून न जाणारी. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ टाकणं म्हणजे पापकबुली नव्हे, त्यातून चर्चा तेवढी होते. इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या 6 व्या अध्यायातली, सैतानाशी लढायची शस्त्रसामग्री ‘धारण करा’ असं अनेकवचनात सांगितली आहे, आणि पुढचं अठरावं वचन सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना करायला सांगतं. एकट्यानं लढायचं तिथं सुचवलेलंच नाही.

पगार सुरू झाला की कर्जवाले येतील, स्थळंही येतील. यहोशवा 9 वाच. यरीहो आणि आय जिंकून झाले होते. शेजारच्याच गिबोनकरांनी दूरदेशीचे असल्याचं सोंग घेऊन तह मागितला; त्यांनी पुढे केलेल्या शिळ्या भाकरी इस्राएलांनी तपासल्या, फक्त परमेश्वराचा सल्ला घेतला नाही. पहिला महिना कुठल्याच कागदावर सही नको, कुणाला होकार नको. दशमांश मात्र पगाराच्याच दिवशी बाजूला काढ.

उपास करायचा तर शुक्रवारी एका जेवणाचा कर, पाणी पीत जा. मे महिन्यात निर्जळी करणं हा नागपुरात विश्वास नव्हे, उष्माघात.

पडलीस तर? मत्तय 16:17 मध्ये येशू पेत्राला धन्य म्हणतो आणि 23 मध्ये ‘अरे सैताना, माझ्या मागे हो.’ मध्ये पाचच वचनं. पुढच्या अध्यायात तोच पेत्र त्याच्यासोबत डोंगरावर आहे.

पहिली वही या शनिवारी लिही आणि रविवारी उपासनेनंतर थांब, कुणाला वाचून दाखवायची ते ठरवू. त्याआधी ती टाकी रिकामी कर, ब्रशनं घासून उन्हात पालथी घाल.

तुझे,
बायबल अभ्यासातले आम्ही दोघं