तोंडी नको, कागदावर आण

बाळा,

काल फोनवर म्हणालास, काका मी 34 चा, आत्तापासून मृत्युपत्र कशाला, बँकेत बायकोचं नाव नॉमिनी लावलंय की. रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे रे! बँक पैसे तिच्या हातात देते, हक्क मात्र वारसांचा. तू काही न लिहिता गेलास तर टिळकवाडीचा फ्लॅट आई, बायको आणि तुझी सहा वर्षांची पोर, तिघींत सारखा वाटला जाणार, 1956 चा हिंदू वारसा कायदा तसाच आहे. त्यात पोर कायद्याने अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, तिचा हिस्सा विकायचा तर बायकोने आधी कोर्टाची परवानगी काढायची. हे हवंय तुला? नाही ना, मग कागदावर आण.

आमच्या अप्पांनी तोंडी सांगितलं होतं, ओट्यावर बसून, चार माणसांसमोर, की विहिरीकडचं शेत अक्काचं. 2008 ला अप्पा गेले. वारसा लावायला गेलो तर सगळे कागद कन्नडमधे, अक्काला त्यातलं अक्षर वाचता येईना, मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. हक्कसोड, तिचा वाटा मला सोडून दिल्याचा कागद. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाएवढा वाटा, कर्नाटकात लग्न न झालेल्यांना 1994 लाच आणि 2005 ला देशभर सगळ्यांना, हे मला माहीत होतं. पण तेव्हा गावात सगळ्याच बहिणी सोडायच्या, सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं, आणि तिच्या पोरीच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत मीच उभा होतो की. अप्पांनी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर मला मोह पडायची वेळच आली नसती. सही झाल्यावर अक्काने पेनाला टोपण लावून माझ्या हातात दिलं, वर बघितलं नाही. म्हणून सांगतोय, तोंडी नको, कागदावर आण.

स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, मराठीत लिही. आधी आईजवळ बस, तिचं काय ते तिला विचारूनच लिही. दोन साक्षीदारांसमोर तू सही करायची, त्यांनी तुझ्यासमोर. नोंदणीची सक्ती नाही पण सब-रजिस्ट्रारकडे करूनच टाक. मन बदललं तर नवीन लिही, शेवटचं तेच खरं. आणि बघू-करू म्हणू नकोस, त्या बघू-करूचाच मला राग येतो.

साक्षीला मला बोलावू नकोस, 71 झालं मला. उद्या साक्ष द्यायला माणूस जिवंत हवा, ऑफिसातले तुझ्यापेक्षा लहान दोघं घे.

तुझा काका